नावे जुनी, नियम नवे: २०१४ वरून २०२४ च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सकडे जाताना

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: पाच जणांचा गट २०१४ च्या पुस्तकांवर डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रांच्या भूमिकेतून खेळायचा खेळ खेळत आला आहे, मोहीम मध्यावर आहे, पात्रे पाचव्या पातळीवर पोहोचली आहेत आणि आता सर्वांनी मिळून २०२४ चे नियम स्वीकारायचे ठरवले आहे. अशा वेळी सारे पहिल्यापासून शिकावे लागते का, की बदलांची यादी वाचली तरी पुरते, आणि चालू पात्रांचे काय करायचे, हे तुम्ही विचारले आहे. दोन्ही नियमसंचांवर डन्जन मास्टर, म्हणजे कथा आणि शत्रू सांभाळणारा सूत्रधार, म्हणून खेळ चालवण्याच्या अनुभवावरून सांगतो की पहिल्यापासून शिकण्याची गरज नाही, पण नुसत्या यादीवरही भागत नाही. जे पूर्णपणे नवे आहे ते सहज लक्षात राहते. त्रास होतो तो नाव तेच ठेवून आतून बदललेल्या नियमांचा, कारण ते आपल्याला येतातच असे समजून कोणी पुस्तक उघडत नाही.

याचे कारण या नियमांच्या घडणीतच आहे. नवे प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये, डन्जन मास्टर्स गाइड नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये आले, तरी प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट या संचाला पाचवी आवृत्तीच म्हणतात, आणि ते चुकीचे नाही. वीस पैलूंचा फासा, सहा क्षमता, प्रॉफिशिएन्सी बोनस (पातळीनुसार वाढणारी प्रावीण्याची भर), आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा), स्पेल स्लॉट (मंत्र टाकताना खर्च होणारी मर्यादित शिदोरी) हा सगळा सांगाडा जसाच्या तसा आहे. २००८ साली चौथी आवृत्ती आली तेव्हा खेळ इतका बदलला होता की जुन्या आठवणींवर विसंबण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. प्रत्येक जण निमूटपणे पुस्तक वाचत असे. आजची परिस्थिती त्यापेक्षा २००३ च्या साडेतीन आवृत्तीच्या जवळची आहे, जिथे तिसऱ्या आवृत्तीतील शेकडो नोंदी त्याच नावाने पण वेगळ्या आशयाने पुन्हा छापल्या गेल्या. म्हणून तुमच्या गटाने शिकण्याचा वेळ नव्या गोष्टींवर कमी आणि ओळखीच्या गोष्टी पुन्हा तपासण्यावर जास्त खर्च करावा, असा माझा आग्रह आहे.

वाचनाची सुरुवात प्लेयर्स हँडबुकच्या पहिल्या प्रकरणापासून करावी. ते फार मोठे नाही, आणि आपल्याला सर्व माहीत आहे असे वाटत असले तरी प्रत्येक खेळाडूने ते एकदा सलग वाचावे. त्यानंतर थेट पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या रूल्स ग्लॉसरीकडे जावे. २०१४ च्या पुस्तकात एखादा नियम लढाईच्या प्रकरणात, एखादा साहसाच्या प्रकरणात आणि अवस्थांची माहिती परिशिष्टात अशी विखुरलेली असे. नव्या पुस्तकात कंडिशन (पात्राच्या अवस्था), ॲक्शन (पाळीत करायच्या कृती) आणि परिभाषा अकारविल्हे एकत्र दिल्या आहेत, आणि नियमांचा अंतिम शब्द बहुतेक वेळा तिथेच सापडतो. आपल्याकडच्या गटांत छापील पुस्तक बहुधा एकाच सदस्याकडे असते, पण त्यामुळे अडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.२ हा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उतरवून घेता येतो, आणि त्यात ही ग्लॉसरी आहे. सगळे उपवर्ग (क्लासच्या, म्हणजे पात्राच्या पेशाच्या, शाखा) त्यात नाहीत, बॅकग्राउंडही (पात्रांच्या पूर्वायुष्याचे प्रकार) सोळांपैकी चारच आहेत. मूळ नियम शिकण्यासाठी मात्र तो पूर्णपणे पुरेसा आहे.

आता ज्या नियमांवर तुमचा गट हमखास अडखळेल त्यांच्याकडे वळतो. पॅलाडिनचे, म्हणजे दैवी बळ असलेल्या योद्ध्याचे, उदाहरण आधी घेतो, कारण पाचव्या पातळीवर ते फार ठळकपणे दिसते. जुन्या नियमांत पाचव्या पातळीचा पॅलाडिन ॲटॅक ॲक्शन घेऊन दोन वार करी, आणि दोन्ही लागले तर दोन्हींवर डिव्हाइन स्माइट (वाराला दैवी इजेची जोड) लावून प्रत्येकी पहिल्या पातळीचा एक स्लॉट जाळू शके. त्यासाठी वेगळी ॲक्शन लागत नसे, त्यामुळे एका फेरीत आठ पैलूंचे चार जादा फासे सहज पडत. नव्या नियमांत डिव्हाइन स्माइट हा पहिल्या पातळीचा मंत्र झाला आहे. वार लागल्याबरोबर तो बोनस ॲक्शन (पाळीतली एक जादा छोटी कृती) वापरून टाकायचा असतो, म्हणजे एका पाळीत एकदाच. मंत्र असल्यामुळे त्याला काउंटरस्पेल या मंत्र मोडणाऱ्या मंत्राने अडवताही येते. शिवाय ले ऑन हँड्स ही स्पर्शाने बरे करण्याची शक्तीही आता बोनस ॲक्शन आहे, त्यामुळे सोबत्याला उठवायचे की शत्रूवर स्माइट करायचा, हा निर्णय दर पाळीला घ्यावा लागतो. भरपाई म्हणून हा मंत्र एका लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एकदा स्लॉट न जाळता टाकता येतो, आणि पॅलाडिनला शस्त्रांचे मास्टरी गुणही (त्यांविषयी पुढे) मिळतात. तुमच्या गटात पॅलाडिन असेल तर हा बदल त्या खेळाडूला आधी, एकट्याला बाजूला घेऊन समजावून सांगावा. ऐन लढाईत दुसऱ्या वाराच्या वेळी तो कळला तर आपल्याकडून काहीतरी काढून घेतले गेले अशी भावना होते, आणि मग पूर्ण नियमसंचाविषयीच मन कलुषित होते.

मंत्र टाकणाऱ्यांसाठी याच्याच जोडीचा दुसरा नियम आहे. बोनस ॲक्शनने मंत्र टाकला तर त्या पाळीत ॲक्शनने फक्त कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा साधा मंत्र) टाकता येतो, हा जुना नियम बऱ्याच गटांना कधी नीट उमगलाच नव्हता. आता तो गेला आणि त्याच्या जागी सोपा नियम आला: एका पाळीत मंत्रासाठी एकच स्पेल स्लॉट खर्च करता येतो. कांडी किंवा अन्य जादुई वस्तूतून निघालेला मंत्र, कॅन्ट्रिप आणि स्लॉटशिवाय मिळणारा मंत्र या मर्यादेत येत नाहीत. हा बदल निःसंशय चांगला आहे.

पकड घेण्याचा नियम मी जरा विस्ताराने सांगतो, कारण त्यातली एक शक्यता बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पूर्वी ग्रॅपल, म्हणजे ही पकड, ही ॲथलेटिक्स या कौशल्याची चुरस होती: दोन्ही बाजूंनी फासे टाकायचे, जास्त येईल तो जिंकला. आता ग्रॅपल हा अनआर्म्ड स्ट्राइकचा (निःशस्त्र वाराचा) एक पर्याय आहे. लक्ष्याने स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, करायचा, आणि डीसी, म्हणजे त्यात गाठायचा आकडा, म्हणजे ८ अधिक आपला स्ट्रेंग्थ मॉडिफायर (क्षमतेच्या आकड्यावरून येणारी भर) अधिक प्रॉफिशिएन्सी बोनस. स्ट्रेंग्थ १८ असलेल्या पाचव्या पातळीच्या फायटरसाठी तो ८ अधिक ४ अधिक ३, म्हणजे १५ येतो. आकडा स्थिर असल्याने खेळ भरभर चालतो, पण ॲथलेटिक्समध्ये एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य) घेऊन अजिंक्य पहिलवान उभा करण्याची जुनी युक्ती आता चालत नाही. ते कौशल्य उपयोगी पडते ते पकडीतून सुटताना. नजरेतून सुटणारी ती शक्यता अशी: अपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्या शत्रूवर मिळणारा वार) अनआर्म्ड स्ट्राइकने करता येतो आणि ग्रॅपल हा अनआर्म्ड स्ट्राइकच आहे, त्यामुळे पळून जाणाऱ्या शत्रूला आता रिॲक्शनने (दुसऱ्याच्या पाळीत करता येणाऱ्या कृतीने) जागीच पकडता येते. एक हात मोकळा असला आणि शत्रू आपल्यापेक्षा फार तर एका आकाराने मोठा असला की झाले. पकडलेल्या शत्रूला पकडणारा सोडून इतर कोणावरही हल्ला करताना डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा घेणे) मिळतो, हीदेखील नवी भर आहे. त्यामुळे मागे उभ्या असलेल्या विझर्डचे रक्षण करणारा फायटर आता केवळ कल्पनेत राहत नाही.

लपणे आणि अचानक हल्ला या दोन नियमांत मात्र मला पुस्तकाची मांडणी पुरती पटलेली नाही. लपण्यासाठी आता गडद आडोसा, तीन-चतुर्थांश कव्हर किंवा पूर्ण कव्हर लागते, कोणत्याही शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात असून चालत नाही, आणि स्टेल्थचा फासा १५ च्या डीसीवर टाकायचा असतो. जमले की पात्राला इन्व्हिजिबल (अदृश्य) ही अवस्था मिळते आणि फाशाची बेरीज हीच त्याला शोधणाऱ्यांसाठी परसेप्शनची डीसी ठरते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ला केला, बोलून करायचा मंत्र टाकला किंवा शत्रूने शोधले की ही अवस्था संपते. हे सारे दोन नोंदींत विभागले आहे, आणि लपलेला रोग (Rogue, म्हणजे चोरपावलांनी वावरणारे पात्र) आडोशातून उघड्यावर आला तर नेमके काय होते यावर गटागटांत वाद होतात. माझ्या टेबलावर मी असा निर्णय देतो की शत्रूचे तोंड त्या दिशेला असेल आणि मध्ये काहीही नसेल तर त्याने रोगला शोधले असेच धरावे; शत्रू दुसरीकडे गुंतलेला असेल तर रोगला त्याच्यापर्यंत पोहोचू द्यावे. तुम्ही वेगळे ठरवू शकता, फक्त ते पहिल्या बैठकीपूर्वी ठरवा. अचानक हल्ल्याचा नियम त्यामानाने स्वच्छ आहे: बेसावध सापडलेल्याला पहिली पाळी गमवावी लागत नाही, त्याला इनिशिएटिव्हच्या (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या) फाशावर डिसॲडव्हान्टेज मिळतो, इतकेच. डन्जन मास्टरने हे नीट लक्षात घ्यावे. जुन्या साहसकथांतील दबा धरून बसलेल्या टोळ्या एका फुकटच्या फेरीच्या भरवशावर योजलेल्या असतात, आणि ती फेरी गेली की टोळी निम्मी निष्प्रभ होते.

एक्झॉस्शनचा, म्हणजे थकव्याचा, सहा पायऱ्यांचा जुना तक्ता विसरून जावा. आता प्रत्येक पातळीला वीस पैलूंच्या फाशाच्या प्रत्येक चाचणीतून २ वजा होतात आणि वेग ५ फुटांनी घटतो. सहाव्या पातळीला मृत्यू पूर्वीसारखाच आहे. तीन पातळ्या थकलेले पात्र म्हणजे उणे ६ आणि १५ फूट कमी वेग, बस. पूर्वी तक्ता इतका कठोर होता की डन्जन मास्टर एक्झॉस्शन देतानाच कचरत असत. आता ते मोकळेपणाने देता येते, आणि लांब प्रवासाची, उपासमारीची, वाळवंटाची कथा खरोखर जाणवू लागते. सर्व बदलांत हा मला सर्वाधिक आवडलेला आहे.

औषधाची कुपी स्वतः पिणे किंवा दुसऱ्याला पाजणे आता बोनस ॲक्शन आहे. बरे करणाऱ्या मंत्रांपैकी क्युअर वुंड्स आठ पैलूंच्या दोन फाशांचा आणि हीलिंग वर्ड चार पैलूंच्या दोन फाशांचा झाला आहे, म्हणजे दोन्ही दुप्पट. लाँग रेस्टनंतर खर्च झालेले सर्व हिट डाइस (विश्रांतीत जखमा भरणारे फासे) परत मिळतात, निम्मे नव्हे. इन्स्पिरेशन (बक्षीस म्हणून मिळणारी संधी) आता ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) देत नाही. नुकताच टाकलेला कोणताही एक फासा पुन्हा टाकू देते, आणि दुसरा आकडा स्वीकारावाच लागतो.

मंत्रांच्या बाबतीत एकच शिस्त पाळावी: मंत्र कितीही ओळखीचा असला तरी पहिल्यांदा टाकताना नव्या पुस्तकातून मोठ्याने वाचावा. स्लीप पूर्वी हिट पॉइंटांच्या (जीवनशक्तीच्या) बेरजेवर चाले, आता विझ्डमच्या (शहाणपणाच्या) सेव्हिंग थ्रोवर चालतो. स्पिरिच्युअल वेपनला आता कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येणारी एकाग्रता) लागते, त्यामुळे स्पिरिट गार्डियन्ससोबत तो चालवण्याची क्लेरिकची (पुरोहित पात्राची) लाडकी जोडी संपली. कॉन्जर ॲनिमल्सने नकाशावर आठ लांडगे उतरत नाहीत. आत्म्यांचा एकच कळप येतो आणि डन्जन मास्टरची आठ पाळ्यांतून सुटका होते. काउंटरस्पेलमध्ये पूर्वी तिसऱ्या पातळीपर्यंतचा मंत्र आपोआप विरून जाई. आता समोरच्याने कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्हिंग थ्रो करायचा, आणि तो हरला तरी त्याचा स्लॉट वाचतो, फक्त ॲक्शन वाया जाते. तुमच्या विझर्डला हे शत्रूच्या बाबतीत खटकेल आणि स्वतःच्या बाबतीत आवडेल.

वेपन मास्टरी, म्हणजे प्रत्येक शस्त्राची खास करामत, ही खऱ्या अर्थाने नवी गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती शिकवणे सोपे आहे. बार्बेरियन, फायटर, पॅलाडिन, रेंजर आणि रोग यांना पहिल्या पातळीपासून ती मिळते. ग्रेटस्वॉर्डला ग्रेझ आहे, म्हणजे वार चुकला तरी क्षमतेच्या मॉडिफायरइतकी इजा होतेच. लाँगस्वॉर्डच्या सॅपने शत्रूच्या पुढच्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज मिळतो, शॉर्टस्वॉर्डच्या व्हेक्सने आपल्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज मिळतो, आणि डॅगरच्या निकमुळे दुसऱ्या हातातील हलक्या शस्त्राचा जादा वार बोनस ॲक्शन न खर्चता करता येतो. एकच सावधगिरी बाळगावी. मॉल किंवा क्वार्टरस्टाफच्या टॉपलमुळे (शत्रूला आडवे पाडण्यामुळे) प्रत्येक यशस्वी वारानंतर एक सेव्हिंग थ्रो येतो आणि लढाई लांबते. खेळाडूने इजेचा आकडा सांगतानाच ‘बारा इजा, टॉपल, डीसी पंधरा’ असे एका दमात सांगण्याची सवय लावली तर वेळ जात नाही.

चालू पात्रांविषयी माझा सल्ला ठाम आहे: जुन्या कागदावर खाडाखोड करून पात्र बदलू नका, नव्या पुस्तकावरून पहिल्या पातळीपासून पाचव्यापर्यंत पुन्हा बांधा. एक उदाहरण घेऊ. २०१४ चा माउंटन ड्वार्फ फायटर रेसमुळे (पात्राच्या वंशामुळे) स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन दोन्हींत २ वाढवून घेत असे. नव्या नियमांत स्पीशीज (रेसचे नवे नाव) क्षमता वाढवत नाही. ती वाढ बॅकग्राउंडमधून येते, तीही एका क्षमतेत २ आणि दुसरीत १, किंवा तीन क्षमतांत प्रत्येकी १. सोल्जर निवडल्यास स्ट्रेंग्थ २ आणि कॉन्स्टिट्यूशन १ वाढेल, म्हणजे एकूण एक गुण कमी झाला. पण ड्वार्फचे पोटप्रकार गेल्यामुळे दर पातळीला एक जादा हिट पॉइंट आता प्रत्येक ड्वार्फला मिळतो, वेग २५ चा ३० फूट होतो, डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याचा टप्पा) ६० चे १२० फूट होते, आणि सोल्जरसोबत सॅव्हेज अटॅकर हे ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारी खास हातोटी) येते. फक्त गेलेला गुण पाहिला तर नुकसान वाटते. पूर्ण पात्र समोर मांडले की हिशेब फायद्याचा निघतो. ग्रेट वेपन मास्टर हे फीट घेतलेल्यांना मात्र स्पष्ट सांगावे की फाशातून ५ वजा करून इजेत १० वाढवण्याचा पर्याय आता नाही, आणि हवे असल्यास त्यांना दुसरे फीट विनाअट निवडू द्यावे. उपवर्ग सर्व क्लासना तिसऱ्या पातळीवर मिळतात, पण तुमची पात्रे पाचव्या पातळीवर असल्याने त्याचा प्रत्यक्षात फरक पडणार नाही.

गटात हाफ-एल्फ असेल तर घाबरू नये. नव्या हँडबुकच्या दहा स्पीशीजमध्ये तो नाही, पण जुन्या पुस्तकातील रेस वापरण्याची सोय नियमांतच आहे: तिची क्षमतावाढ सोडून द्यायची आणि बाकीचे गुण ठेवायचे. जुने बॅकग्राउंड ठेवायचे असेल तर क्षमतावाढ स्वतः निवडून एक ओरिजिन फीट घ्यायचे. क्लासच्या बाबतीत मात्र एकाच टेबलावर एक पॅलाडिन जुन्या पुस्तकाचा आणि एक फायटर नव्या पुस्तकाचा, असे मिश्रण मी होऊ देत नाही. नियम तांत्रिकदृष्ट्या चालतात, पण ‘तुझ्याकडे ते आहे, मग माझ्याकडे का नाही’ हा प्रश्न दर बैठकीला येतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर नसते.

डन्जन मास्टरचे काम खेळाडूंपेक्षा हलके आहे. जुनी साहसकथा तशीच चालवावी आणि तिच्यात नाव आलेला राक्षस नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमधून घ्यावा. नव्या नोंदीत इनिशिएटिव्ह आणि सेव्हिंग थ्रोचे आकडे तयार दिलेले असतात, आणि अनेक राक्षसांचे जादा परिणाम आता सेव्हिंग थ्रोविना लागू होतात. लांडग्याचा चावा लागला की बहुतेक पात्रे थेट आडवी होतात. पूर्वीसारखा स्ट्रेंग्थचा फासा टाकायला मिळत नाही. खेळाडूंना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर डन्जन मास्टर नियम विसरला असेच त्यांना वाटेल. लढाईचा तोल ठरवताना शत्रूंच्या संख्येनुसार करायचा गुणाकार आता उरलेला नाही. प्रत्येक पात्रामागे ठरलेले एक्सपीचे (अनुभवगुणांचे) अंदाजपत्रक घ्यायचे आणि त्यात राक्षस बसवायचे. नव्या गाइडमधील बॅस्टियनचा भाग, म्हणजे पात्रांचे स्वतःचे गढीवजा ठाणे उभारण्याचे नियम, चांगला आहे, पण मोहीम नव्या नियमांवर रुळेपर्यंत तो उघडू नये.

मोहिमेकडे परतण्यापूर्वी नव्याने बांधलेली पात्रे घेऊन कथेबाहेरची एक लढाई खेळा, जिच्या जयपराजयाचा कथेवर काहीही परिणाम होणार नाही. ओगर आणि लांडगे यांची मिश्र टोळी त्यासाठी उत्तम, कारण तीत पकड, आडवे पडणे, कुप्या पिणे आणि मास्टरी हे सगळे आपसूक वापरले जाते. त्या लढाईत प्रत्येक शंकेला थांबा आणि ग्लॉसरी उघडा. मुख्य मोहिमेत मात्र याच्या उलट करा: शंका आली की डन्जन मास्टरने लगेच निर्णय द्यावा, तो वहीत टिपून ठेवावा आणि पुस्तकात काय लिहिले आहे ते बैठक संपल्यावर सर्वांसमोर वाचावे. निर्णय चुकला असेल तर पुढच्या बैठकीपासून नवा नियम लागू करावा, झालेली लढाई उकरून काढू नये. आणि एखादा मुद्दा नव्या पुस्तकात सापडलाच नाही, तर २०१४ चे पुस्तक काय म्हणते हे प्रमाण म्हणून नव्हे, तर एक सूचना म्हणून वाचावे, कारण तो नियम अनेकदा मुद्दाम गाळलेला असतो.